गटसंमेलनाचा उपास

माझ्या शाळेत गटसंमेलन असलं की आमच्या गटातल्या निम्म्या गुरुजींना उपास लागायचा.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी गटसंमेलन म्हणजे काय ते सांगते. आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळा मिळून एक गट. महिन्यातल्या एका शनिवारी गटातले सगळे शिक्षक एका शाळेत जमायचे. ज्याची पाळी, त्यानं नमुना पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून पाहायचा, मग पाठावर चर्चा, म्हणजे पाठ घेणाऱ्याची धुलाई. त्यानंतर शिक्षण विस्तार अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, वरून आलेला एखादा विषय मांडायचे आणि त्यावर प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे. आणि मग जेवण. जेवण पाळीवाल्याच्या घरचं. खरं सांगू का, नमुना पाठ कोणाच्याच लक्षात राहत नसे. पण कोणाकडे वडे झाले होते आणि कोणाच्या वरणात मीठ कमी पडलं होतं, हे वर्षभर आठवायचं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. गडचिरोली जिल्हा नवाच झाला होता. माझी शाळा अहेरीहून आत. येष्टी फाट्यावर सोडायची, नाला ओलांडायचा आणि पायी चालत जायचं. पहिली ते चौथी, एक खोली, एक व्हरांडा आणि एक बाई. पोरं बहुतेक माडिया-गोंडांची, थोडी तेलगू बोलणारी, आणि तीन-चार घरी मराठी असलेली. माझ्या आधीचे गुरुजी अहेरीत राहायचे आणि फक्त झेंडावंदनाला यायचे. मी रुजू झाले तेव्हा शाळेचं कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना. शेवटी गावकऱ्यांनी ते दगडानं फोडलं, आणि मी शाळेला लागूनच्या घरात राहू लागले.

मी चिमूरकडची. आम्ही बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. हे मी कोणाला सांगत फिरत नसे. खोब्रागडे म्हटलं की समोरच्याला पुढचं कळायचं. नवरा बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात पाळीवर. सुट्टी जुळली की तो यायचा, नाही जुळली की मी आणि माझी शाळा.

पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी केवढी खूश! पहाटे उठून लाखोरीची डाळ वाटली, वडे तळले, वांग्याची भाजी, वरण, भात. पाठ झाला, चर्चा झाली, पानं मांडली. आणि एक गुरुजी म्हणाले, आज शनिवार, माझा मारुतीचा उपास. दुसऱ्यांच्या पोटात मुरडा आला. तिसऱ्यांनी बायकोचं व्रत सांगितलं. बायकोच्या व्रताला नवरा उपाशी राहतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी नवी, भोळसट. मनात म्हटलं, किती देवभोळी माणसं ही, आणि मी मेलीनं आधी विचारलंसुद्धा नाही!

शेख गुरुजी मात्र पानावर मांडी ठोकून बसले. "बाई, आपला काही रोजा नाई. वाढा दाबून." त्यांच्या शेजारी मडावी गुरुजी, आमच्या गटातले एकटे गोंड शिक्षक, फार कमी बोलणारे. ते नुसते हसले आणि पान पुढे केलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत संमेलन. तोही शनिवारच. मारुतीवाल्या गुरुजींनी तीनदा भात घेतला. मी त्यांच्या पानाकडे टक लावून पाहत राहिले आणि एकदम डोक्यात उजेड पडला. घरी येऊन रडले. पण रडण्यापेक्षा राग जास्त होता, आणि रागाच्याही वर, का कोण जाणे, कुतूहल होतं. ही माणसं वाईट नव्हती हो! सायकल पंक्चर झाली की आपली द्यायची, माझा पगार अडला तेव्हा पंचायत समितीत माझ्यासाठी भांडली होती. मग जेवणाच्या पानाशीच असं काय होतं यांना? आणि कोणी कोणाला न सांगता निम्मा गट एकाच वेळी उपाशी राहतो कसा?

ते मारुतीवाले म्हणजे मद्दीवार गुरुजी. सिरोंचाकडचे, घरी तेलगू, व्यापारी घराणं. परीटघडीचे पांढरे कपडे, चिखलातून आले तरी डाग नाही. पाढे असे शिकवायचे की पोरं खेळताना म्हणायची. त्यांचा नमुना पाठ मी एकटी खरंच मन लावून पाहायचे, कारण त्यातून शिकायला मिळायचं. म्हणूनच त्यांचा उपास मला सगळ्यात जास्त टोचला.

दुसऱ्या वर्षीही तेच. देव बदलले, पोटदुख्या बदलल्या, माणसं तीच. उरलेला भात गावच्या पोरांनी संपवला. त्या दिवशी नवरा आला होता. भरलेलं पातेलं पाहून म्हणाला, "कायले करते व एवढं? बदली माग. बल्लारपूरकडे भेटते. नवरा-बायको एका जागी राहू."

"अजून एक पाळी," मी म्हटलं. "पुढच्या खेपेलाही असंच झालं तर बदली मागते. मग मीही थांबणार नाही."

हे आमचं बोलणं व्हरांड्यात बसलेल्या बुधीनं ऐकलं. बुधी ही तेव्हा तिसरीत होती, आणि गावातली एकही मुलगी तोवर चौथी पास झालेली नव्हती. माडियात सगळ्यांना तूच म्हणतात, म्हणून ही पोरं साहेबालाही तू म्हणायची. बुधी उठून माझ्यासमोर आली. "बाई, तू जाऊन राह्यली का?"

"नाही गं. अजून काही ठरलं नाही."

"तू गेली तर कुलूप लावतील," ती म्हणाली आणि निघून गेली. ते वाक्य माझ्या मानेवर बसलं ते बसलंच.

तिसऱ्या वर्षी माझ्या पाळीच्या आधीच्या महिन्याची गोष्ट. संमेलन शेख गुरुजींच्या शाळेत होतं. साहेबांनी खिशातून परिपत्रक काढलं. विषय: शाळेतील समता आणि भेदभावाचं निर्मूलन. आमचे साहेब भला माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "बोला. पण लवकर बोला, शेखच्या घरच्या मसालेभाताचा वास येऊन राह्यला."

सगळे एकापाठोपाठ बोलले. आमच्या शाळेत भेदभाव नाही. सर्व मुलं देवाघरची फुलं. आम्ही सगळ्यांना समान मानतो. मद्दीवार गुरुजींनी तर सुरेख भाषण केलं, शब्द कसे ओळीनं मांडलेले. मडावी गुरुजींची पाळी आली. ते उभे राहिले, थोडे घुटमळले.

"मी दुसरीत तीन वर्षं बसलो," ते म्हणाले. "गुरुजी म्हणत, मठ्ठ आहे. मले मराठी येत नव्हती, एवढंच. गुरुजी चांगले होते. कधी मारलं नाई." आणि बसले.

मला गटात सगळे चौकशीबाई म्हणायचे, कारण माझ्या तोंडात प्रश्न राहत नसे. तो तेव्हाही राहिला नाही. "साहेब, एक विचारू? आपल्या शाळांत पाणी कोण भरते? आणि झाडते कोण?"

"पोरं भरतात. पोरं झाडतात," कोणीतरी म्हणालं.

"कोणती पोरं?"

आता गंमत अशी, की हे कोणालाच सांगता येईना. सगळे वर बघायला लागले. शेख गुरुजी बोटांवर मोजत आठवू लागले आणि मधेच थांबले. "हात्तिच्या! झाडणारी सगळी एकाच मोहल्ल्यातली हायेत की. अन् पाणी भरणारी दुसऱ्या. मी त कधी सांगितलं नाई!"

"मीही नाही सांगितलं," दुसरे म्हणाले.

"मग सांगितलं कोणी?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता तो. म्हणून मी सुचवलं की महिनाभर प्रत्येकानं आपली शाळा नुसती पाहायची. काही सुधारायचं नाही, कोणाला रागवायचं नाही. स्वतःकडेही पाहायचं. आणि पुढच्या खेपेला येऊन जे दिसलं ते सांगायचं. साहेबांना हे आवडलं. फुकटात विषय निभत होता.

"पुढचं संमेलन कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हटलं. तेवढ्यात माझा राग वर आला आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले. "जेवण आहे. कोणाचा उपास असला तर आत्ताच सांगून टाका बाप्पा, तेवढा भात कमी शिजवते."

शेख गुरुजींना ठसका लागला. बाकीच्यांच्या माना खाली. कोणाचाही उपास निघाला नाही. मद्दीवार गुरुजी कान लाल करून म्हणाले, "नाई बाई. कोणाचा नाई."

तो महिना मला अजून आठवतो. मी माझ्या वर्गात डोळे उघडे ठेवून फिरत होते. मी मराठीत प्रश्न विचारला की तीच तीन-चार मराठी घरांची पोरं हात वर करायची आणि बाकीची खिडकीबाहेर पाहायची. एक दिवस मी मोडक्यातोडक्या माडियात विचारून पाहिलं. सगळा वर्ग माझ्या उच्चारांना खो खो हसला, आणि हसता हसता उत्तरं आली, खिडकीकडूनही. बुधी तर उठून उभी राहिली आणि तिनं माझा शब्द नीट करून सांगितला. ती आता चौथीत होती.

पाळीचा शनिवार उजाडला. पुन्हा लाखोरी, पुन्हा वडे, तोच बेत. मी मुद्दाम काही बदललं नाही. पातेलं मात्र पूर्ण भरून शिजवलं, एक मूठही कमी नाही. सगळे आले. एक गुरुजी तेवढे चर्चेआधीच घरी पाहुणे आलेत म्हणून सायकल काढून गेले. म्हटलं, जाऊ दे.

सगळ्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. शेख गुरुजींना नुसतं पाहत बसवलंच नव्हतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी झाडण्याच्या पाळ्या लावल्या. गावातल्या मोठ्या कास्तकाराच्या मुलाची पाळी आली, तर त्याची माय घरून स्वतःचा झाडू घेऊन शाळेत हजर. "माझा पोरगा झाडणार नाई. त्याच्या पाळीचं मी झाडतो." आणि पदर खोचून तिनं पूर्ण शाळा लख्ख झाडली. शेख गुरुजी म्हणाले, "मी म्हटलं, झाडा बाई, इतकी साफ शाळा मी जन्मात पाह्यली नाई." पुढच्या पाळीलाही ती आली. पोरं हसायला लागली तेव्हा त्या मुलानंच तिच्या हातातून झाडू हिसकला आणि तिला घरी हाकललं. आम्ही पोट धरून हसलो.

मग मद्दीवार गुरुजी उभे राहिले. या वेळी भाषण नव्हतं.

"मी रोज पाट्या तपासतो," ते म्हणाले. "तुमी पाह्यलं आहे. या महिन्यात मी नीट पाह्यलं. काही पोरं पाटी माझ्या हातात देतात. काही पोरं पाटी खाली फरशीवर ठेवतात, मागं सरतात, मग मी उचलतो. माझ्या ध्यानातच नव्हतं. मले वाटलं, त्यांची सवय असंल. एका पोरीला मी विचारलं, पाटी खाली काऊन ठेवतेस?"

त्यांनी उजव्या हाताचं बोट खाली जमिनीकडे केलं.

"ती म्हणाली, तुमीच तर असं करता जी. मी म्हटलं, कधी? म्हणाली, रोज." ते आपल्या त्या बोटाकडे पाहत होते. "पहिलीपासून ती माझ्या वर्गात आहे. मी एक शब्द बोललो नाई तिले. बोटानंच सांगत होतो. अन् मलेच माहीत नाई."

ते बसले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चला," ते म्हणाले, "जेवून घ्या."

पानं मांडली. मी आतून भात आणला. एकजण बसला, दुसरा बसला. ज्यांच्या पोटात मुरडा यायचा ते बसले. बायकोच्या व्रताचे बसले. मी मोजत नव्हते, पण डोळा फिरत होता. मद्दीवार गुरुजी भिंतीला टेकून उभे होते.

"बसा की गुरुजी," शेख म्हणाले.

"बाई," मद्दीवार गुरुजी म्हणाले. "मले आज उपास आहे."

माझ्या हातातलं भाताचं पातेलं जड झालं. मनात म्हटलं, झालं. संपलं. बुधीचं चौथीचं वर्ष, कुलूप, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"खराच आहे हो," ते काकुळतीनं म्हणाले. "आज चतुर्थी. त्या दिवशी माझ्या ध्यानात नव्हतं. आईचा नेम आहे माझ्याकडं, मोडता येत नाई. तुमी... तुमी कॅलेंडर पाहा."

कोणीही हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. भिंतीवर अहेरीच्या दुकानातलं कॅलेंडर होतं. साहेब उठले, जवळ गेले, नाक लावून पाहिलं. "चतुर्थी आहे," ते म्हणाले. "चंद्रोदयही दिलेला आहे."

माणसाचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. आजवरचे सगळे खोटे उपास एका खऱ्या उपासाच्या पाठीवर येऊन बसले होते. मला राग यायला हवा होता. पण माझ्या तोंडून, सवयीप्रमाणे, प्रश्नच आला.

"उपासाला काय चालते गुरुजी?"

"आं?"

"आमच्याकडे उपास करत नाहीत, मला माहीत नाही. काय चालते?"

"बटाटा चालते," ते म्हणाले. "शेंगदाणा. भगर."

"भगर नाही. बटाटे आहेत, दाणे आहेत." मी पातेलं खाली ठेवलं. "आणि माझ्या हातचं चालते का?"

उपासाचं खाणं म्हणजे तर आणखी सोवळ्यातलं, हे मलाही कळत होतं. साधं जेवण एखादा माणूस डोळे मिटून गिळेल. हे त्याला त्याच्या आईच्या नेमात घ्यावं लागणार होतं.

मद्दीवार गुरुजींनी एकदा कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "करा बाई."

मी आत गेले. बटाटे चिरायला घेतले तर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसले. उंबऱ्याच्या बाहेर, पण अगदी लागून. आणि मग आमची जुगलबंदी सुरू झाली.

"जिरं टाकू?"

"टाका."

"मिरची?"

"हिरवी चालते. लाल नाई."

"मीठ?"

"शेंदेलोण पाहिजे. नसंल त राहू द्या, अळणी खातो."

"तेल कोणतं?"

"शेंगदाण्याचं. मोहाच्या टोरीचं नका घेऊ." मी हळदीच्या डब्याकडे हात नेला तर ते अर्धे उठलेच. "हळद नका टाकू बाई! हळद चालत नाई."

"अवो, मग भाजी दिसंल कशी?"

"पांढरीच दिसते जी."

बाहेरून शेख गुरुजींचा आवाज आला, "मद्दीवार, तुमचं शिजेपर्यंत आमचा भात गार होऊन राह्यला!"

"जेवा तुमी," मी म्हटलं.

"नाई, थांबतो," मडावी गुरुजी म्हणाले. आणि मग सगळेच थांबले. भात गार झाला, वडे मऊ पडले. पाळीवाल्या बाईच्या जेवणाची अशी नासाडी गटात कधी झाली नसेल, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

भाजी झाली. दाण्याचा कूट घातला, थाळीत काढली, बाजूला गुळाचा खडा ठेवला. थाळी घेऊन मी दाराशी आले. गुरुजी मांडी घालून बसलेले. मी त्यांच्या पुढ्यात वाकले आणि थाळी खाली ठेवायला लागले. अशा घरच्या माणसाला काही द्यायचं तर खाली ठेवायचं, मागं सरायचं, मग तो उचलतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चिमूरला आईला पाहून हात आपोआप शिकले होते.

"खाली नका ठेवू बाई," मद्दीवार गुरुजी म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "हातात द्या."

मी हातात दिली. थाळी चटका देणारी होती. त्यांनी ती सोडली नाही आणि मीही लगेच सोडली नाही.

त्या शनिवारानंतर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पाहुण्यांवाले गुरुजी पुढेही माझ्या पाळीला पाहुणेच आणत राहिले. साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब आले, त्यांना लेखी उत्तरं हवी होती. मद्दीवार गुरुजी आणि मी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

त्याच संध्याकाळी नवरा बल्लारपूरहून आला. हातपाय धुता धुताच त्यानं विचारलं, "मग? बदली मागाची ना?"

"बसा आधी. जेवा."

मी त्याला भात वाढला, वडे वाढले, आणि बटाट्याची उरलेली भाजी. व्हरांड्याच्या खांबाआड बुधी उभी होती. तिला वाटत होतं की ती मला दिसत नाही.

नवऱ्यानं एक घास खाल्ला आणि पानाकडे पाहिलं. "भाजी पांढरी काऊन आहे व? हळद टाकाची राह्यली."

"राह्यली नाही," मी म्हटलं. "टाकलीच नाही. आज गुरुजींचा उपास होता, त्यांनी ही खाल्ली."

मग बदलीचं पुन्हा न विचारता त्यानं आणखी भाजी मागून घेतली, आणि खांबाआडची बुधी धावत सुटली, आपल्या टोल्यावरच्या घरांकडे, माडियात ओरडत, बाई जात नाही म्हणून.